सोडून दिलेला मासा

शाळेला सुट्टी लागली की भाच्याचा गळ माळ्यावरून खाली येतो. यंदा फजरची नमाज पढून आम्ही दोघे प्रयाग चिखलीला गेलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती इथे एकत्र येतात आणि पुढे पंचगंगा वाहते. मे महिन्यात मात्र बंधाऱ्यांनी अडवलेले पाणी संथ आणि ऊन चढले की कोमट.

भाच्याने मोबाइलवर काश्मीरच्या ट्राउटची शिकार पाहिलेली. पिसे आणि दोऱ्याची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची, मासा लागला की दमवायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आपल्याकडे गळाला गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. दीड तासाने वीतभर मासा लागला. याने तो बराच वेळ खेळवला आणि ओंजळीत धरून माझ्यापुढे केला.

"मामू, फोटो काढा, मग सोडतो. सवाब मिळेल ना?"

सवाबाचा हिशोब अल्लाहकडे. पण मला ते पटेना. पाण्यातली शिकार हलाल असल्याचे सूरह अल-माइदात (आयत 96) आले आहे, माशाला जबह करण्याचीही गरज नाही. एवढी सवलत खाण्यासाठी. जिवंत जनावराला नेमबाजीचे निशाण करण्याची मनाई करणाऱ्या नबी (सल्ल.) यांच्या उम्मतीने तोंडात आकडा अडकवून नुसती गंमत पाहायची?

शिवाय ट्राउट थंड पाण्यातला. थंड पाण्यात प्राणवायू जास्त असतो, दमलेला मासा तिथे सावरू शकतो. आपल्या उन्हाळी डोहात सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण पुढे जगेलच असे नाही. आपोआप मरून उलटा तरंगणारा मासा आपण हनफी खात नाही. (कोकणातल्या शाफई घरांत हा मसला वेगळा आहे.) म्हणजे जीवही गेला आणि कुणाच्या ताटातही आला नाही.

अगदी लहान पिल्लू लागले तर गोष्ट वेगळी. हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता आकडा सोडवावा. ठेवायचा तो मासा मात्र पिशवीत तडफडत ठेवू नये. डोक्यावर एकच जोरदार घाव घालावा. भाच्याच्या हातून ते होईना, मी केले. तो घरी येईपर्यंत बोलला नाही.

आपाने हळद-तिखट लावून मासा तळला. चौघांना दोन-दोन घास आले. भाच्याने काट्याला चिकटलेलेही सोडले नाही.