नगरभवन कोणाच्या मालकीचे?

नगरपालिकेची इमारत जीर्ण झाली आहे, नवी बांधण्यास तिजोरीत पैसा नाही, तेव्हा खाजगी विकासकास हाताशी धरावे; जागा आपली, भांडवल त्याचे, नगरपालिकेस एका पैची तोशीस नाही, अशा आशयाचे ठराव आपल्या शहरांच्या सभागृहांत आता नवे राहिलेले नाहीत. पूर्वी या व्यवहारास ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ असे म्हणत, आणि त्यातून बसस्थानके, मंडया व दुकानांचे गाळे उभे राहत. आता त्याचे नाव ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ असे झाले आहे आणि खुद्द नगरभवन, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे घरच, त्याच्या कक्षेत आले आहे. अमेरिकेतील लाँग बीच शहराचे नवे नागरी केंद्र हे या पद्धतीचे गाजलेले उदाहरण. ते मुळापासून तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

लाँग बीच हे कॅलिफोर्नियातील मोठे बंदर, गोदी कामगारांचे शहर. १९३३ च्या भूकंपात त्या परिसरात शंभराहून अधिक माणसे दगावली होती. १९७७ साली उघडलेले तेथील नगरभवन मोठ्या धक्क्यात टिकणार नाही असे तज्ज्ञांनी सांगितले, तेव्हा नव्या इमारतीची गरज बनावट होती असे कोणी म्हणणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नगरसभेने करार मंजूर केला. प्रकल्प सुमारे ५२ कोटी डॉलरचा. आराखडा, बांधकाम, भांडवल उभारणी, व्यवस्था आणि देखभाल ही पाचही कामे एकाच खाजगी समूहाकडे, व्यवस्था आणि देखभाल तर चाळीस वर्षांसाठी. नगरपालिकेने दरवर्षी ठरलेली रक्कम मोजावयाची. शिवाय जुन्या संकुलाच्या जमिनीचा काही भाग खाजगी घरबांधणी व व्यापारी उपयोगासाठी द्यावयाचा. २०१९ साली अकरा मजली नगरभवन, शेजारी तितकेच उंच बंदराचे मुख्यालय आणि जुन्याहून लहान असे नवे ग्रंथालय वापरात आले. बांधकाम रेंगाळले नाही, इमारती देखण्या आहेत. हे मान्य करण्यात आम्हास संकोच वाटत नाही. पण किंमत किती, ती कोणी ठरविली आणि कोणास विचारून?

याच शहरात, नगरभवनापासून थोड्याच अंतरावर, राज्याचे न्यायालय याच पद्धतीने बांधले गेले आणि २०१३ साली उघडले. त्या कराराची मुदत पस्तीस वर्षांची. ते बांधून पूर्ण होण्यापूर्वीच, २०१२ साली, कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने त्याचा हिशेब तपासला. हे कार्यालय काही समाजवाद्यांचे नव्हे! त्याचा निष्कर्ष असा की, खाजगी मार्ग स्वस्त आहे असे दाखविण्यासाठी धरलेली गृहीतके त्या मार्गालाच अनुकूल होती. ती वाजवी धरली असती तर सरकारने नेहमीच्या पद्धतीने इमारत बांधणे सोळा कोटी डॉलरपर्यंत स्वस्त पडले असते. आणि तरीही तीन वर्षांनी त्याच शहराच्या नगरसभेने तोच मार्ग धरला.

ही गृहीतके म्हणजे काय, हे आपल्या प्रत्येक नगरसेवकाने समजून घ्यावे, कारण सारी हातचलाखी तेथेच होते. तीस वर्षांनंतर द्यावयाच्या शंभर रुपयांची आजची किंमत किती? वार्षिक आठ टक्के दराने वजावट केली तर सुमारे दहा रुपये. पाच टक्के धरली तर सुमारे तेवीस. दर जितका चढा, तितके दूरच्या काळातील देणे कागदावर आक्रसत जाते. सरकारी बांधकामाचा खर्च आजच, डोळ्यांसमोर दिसतो. खाजगी कराराचे हप्ते दशकानुदशके पसरलेले असतात. तेव्हा सल्लागाराने वजावटीचा दर थोडा वर सरकविला आणि सरकारी काम हमखास रखडणार व महागणार असे गृहीत धरले, की खाजगी प्रस्ताव आपोआप ‘स्वस्त’ ठरतो. पैसा कोठूनही आकाशातून पडत नाही. विकासक तो बँकांकडून नगरपालिकेपेक्षा चढ्या व्याजाने घेतो, त्यावर आपला नफा चढवितो आणि दोहोंची भरपाई कररूपाने जनता करते.

मग नगरपालिका स्वतः कर्ज का काढीत नाही? कॅलिफोर्नियात कराच्या आधारावर रोखे काढण्यास मतदारांची दोन-तृतीयांश संमती लागते. वार्षिक सेवाशुल्काच्या स्वरूपात रचलेल्या करारास ती लागत नाही. म्हणजे जनतेला विचारण्याचे टळते, आणि जे नगरसेवक अद्याप निवडूनही आलेले नाहीत त्यांचे हात चाळीस वर्षांसाठी बांधले जातात. तिजोरी रिकामी का, याचाही इतिहास आहे. १९७८ साली तेराव्या प्रस्तावाने त्या राज्यातील मालमत्ता कर एक टक्क्यावर गोठविला गेला. घरमालकांच्या नावाने मागितलेल्या त्या सवलतीचा लाभ बड्या कंपन्यांच्या जमिनींनाही मिळाला. आमच्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांशी गेला, २०१७ साली वस्तू व सेवा करामुळे मुंबईचीही जकात संपली, आणि महापालिका वरून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या. आधी उत्पन्नाचे साधन काढून घ्यावयाचे आणि मग निर्धनतेवर उपाय म्हणून विकासकाचे नाव सुचवावयाचे, असा हा क्रम आहे.

इंग्रजी शब्दाचे भाषांतर करताना ‘भागीदारी’ असे लिहावे लागते, पण मराठी माणूस या शब्दातून नफा आणि तोटा दोन्ही वाटून घेणे समजतो. येथे तसे नाही. ही पद्धत जेथे फोफावली त्या ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की, सातशेहून अधिक प्रकल्पांपोटी २०४० नंतरच्या दशकापर्यंत आणखी सुमारे १९९ अब्ज पौंड द्यावयाचे आहेत. त्या प्रकल्पांचे मूळ भांडवली मूल्य ६० अब्जांच्या घरात होते. देखभाल व सेवांचा खर्च त्यात धरला तरी आकडा डोळे उघडणारा आहे. त्याच महिन्यात कॅरिलियन ही बडी बांधकाम कंपनी कोसळली आणि लिव्हरपूल व बर्मिंगहॅमजवळील दोन रुग्णालये अर्धवट राहिली. ती पुरी करण्याचा भार शेवटी सरकारवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील हुजूर पक्षाच्या अर्थमंत्र्यांनीच असे नवे करार बंद केल्याचे जाहीर केले.

दिल्लीतील मराठी वाचकांना दूर जाण्याचे कारण नाही. २०१३ साली उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन मुंबईतील अंधेरीच्या परिवहन कार्यालयाच्या जमिनीवरील विकासहक्कांच्या मोबदल्यात बांधले गेले. निविदा न काढल्याचा आक्षेप आला, २०१५ साली खटला दाखल झाला, २०२१ साली विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. व्यक्तींच्या दोषाचा प्रश्न न्यायालयाचा. आमचा प्रश्न निराळा आहे. एका शहरातील सार्वजनिक जमिनीच्या बदल्यात दुसऱ्या शहरात इमारत मिळते, तेव्हा ती जमीन किती रुपयांना गेली हे अंदाजपत्रकाच्या कोणत्या पानावर दिसते?

आणि त्या इमारतीत झाडू मारणारा, लिफ्ट चालविणारा, रात्रपाळीचा पहारेकरी कोणाचा नोकर? देखभाल कंत्राटात गेली की तो कंत्राटदाराचा. मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयातून २०१७ साली मिळाला, तोही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. ज्या बचतीचे गोडवे गायले जातात तिचा मोठा हिस्सा या माणसांच्या पगारातून काढलेला असतो.

याच मुंबईत १८९३ साली पूर्ण झालेले महापालिकेचे मुख्यालय सुमारे ११ लाख ८८ हजार रुपयांत, मंजूर रकमेहून किंचित कमी खर्चात, उभे राहिले. तो साम्राज्याचा काळ होता आणि त्या दगडांवर राबलेल्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. तेव्हा त्याचे गुणगान आम्ही करणार नाही. पण सार्वजनिक संस्थेस स्वतःच्या हिशेबाने घर बांधता येत नाही, हा आजचा डांगोरा त्या इमारतीपुढे उभे राहून पिटणे कठीण आहे.

मुंबई असो, इंदूर असो वा बडोदे, असा प्रस्ताव आला की नुसत्या घोषणा देऊन भागणार नाही. आपल्या साथींनी सभागृहात चार कागद मागावेत: जमिनीचे स्वतंत्र मूल्यांकन, नगरपालिकेने स्वतः कर्ज काढून बांधल्यास येणाऱ्या खर्चाची तुलना, वजावटीच्या दरासह, कामगारांच्या नोकरीच्या अटी, आणि सर्व परिशिष्टांसह संपूर्ण करार, स्थानिक भाषेत. व्यापारी गुपिताच्या नावाखाली यांपैकी एकही कागद नाकारला गेला तर ठराव मतास टाकण्यासच विरोध करावा, आणि तो विरोध इतिवृत्तात कारणांसह नोंदवून घ्यावा.