जामखेडचे डॉक्टर नवरा-बायको

रात्रीची वेळ आहे, ओढ्याला पाणी आलेलं आहे, आणि लेकराला जुलाब लागले आहेत. घरातलं जाणतं माणूस म्हणतं, पाणी बंद करा, पोटात राहत नाही. सकाळी दवाखाना गाठाल हो, पण तोवरचा वेळ कुणाच्या हातात? डॉक्टरच्या तर नाहीच. आज ज्या जोडप्याची हकिकत सांगायची आहे, त्यांनी जन्मभर ह्याच वेळेचा विचार केला.

डॉ. रजनीकांत आरोळे आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मेबलताईंशी त्यांची गाठ पडली वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १९६० साली लग्न झालं, ते खेड्यातच काम करायचं असं ठरवून. सुरुवातीची काही वर्षं ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे एक गोष्ट दोघांना टोचत राहिली. बरा होऊन घरी गेलेला रोगी तोच रोग घेऊन परत दारात उभा राही. पुढे शिकायला दोघं अमेरिकेत गेले, आणि तिथे न राहता १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी मुलूख. दवाखाना मांडला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

गावोगाव नर्सबाई ठेवावी असा पहिला बेत होता. तो जमला नाही. परक्या गावात एकटीनं राहणं नर्सबाईला अवघड, आणि गावालाही ती परकीच. मग ठरलं की गावानंच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी. आल्या त्या बहुतेक पोक्त, निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. पगाराची नोकरी नव्हतीच ही. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं आणि परत जाऊन शेजारपाजाऱ्यांना शिकवायचं. रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली सगळ्यांनी झोपायचं. त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र जेवायचं, झोपायचं ही काय गोष्ट होती, ते जुन्या माणसांना सांगायला नको.

शिकायचं काय, तर साधंच. बाळंतपणाचं घ्या. नाळ कापायची विळ्यानं, वर लावायचं शेण नाहीतर राख. आठवडाभरात बाळाचा जबडा मिटे, दूध ओढता येईना, अंग ताठ होई. सटवीनं नेलं म्हणत. नेलं होतं धनुर्वातानं, विळ्यावरून आणि शेणातून आलेल्या. ह्या बायकांना एक लहानशी पुडी मिळाली : कोरं पातं, निर्जंतुक दोरा, कापड, साबण. आणि गरोदरपणी टोचून घेण्याचं महत्त्व घरोघर सांगायला त्या लागल्या. डॉक्टरांनी सांगून जे पटलं नव्हतं, ते शेजारणीनं सांगितल्यावर पटलं. ती स्वतः ह्याच दुःखातून गेलेली असे, तिच्याशी वाद कोण घालणार?

अशा कामाचं फळ आकड्यांत दिसतं. १९७१ साली तिथे जन्मणाऱ्या हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत जात. १९९३ पर्यंत हा आकडा २० च्या आसपास आला. यात पाण्याचा, पोटभर अन्नाचाही वाटा आहे, सगळं औषधाला श्रेय देऊ नये. आरोळे पती-पत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती एक गोष्ट : शिकलेल्या डॉक्टरांनी आपली विद्या मुठीत धरून ठेवली नाही. आपल्याकडे नुसता ताप मोजणाराही गुपित राखतो!

आता जुलाबाचं. ह्या बायकांनी घराघरांत शिकवलेली साखर-मिठाची गोष्ट तुमच्याही घरी हवी. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ चुकूनही जास्त नको, त्यानं अपाय होतो. चव डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागली तर ओतून द्या, नवं करा. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडलं किंवा मूल मलूल झालं, तर घरी बसू नका. १०८ ला फोन करा, आणि वाटेतही पाजत राहा. २००५ नंतर गावोगाव आशाताई आल्या आहेत. त्यांच्याकडे तयार पुड्या असतात, त्या घरच्या पाण्याहून चांगल्या. दोन आणून मिठाच्या बरणीशेजारी ठेवा.

मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. जामखेडचं काम पुढची पिढी सांभाळते आहे.

आणि हो, राहूनच जात होतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी उरलं तर झाडाला घाला, लेकराला देऊ नका.