वारसा बाटलीत, रेंदेर वाऱ्यावर

काही महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मुंबईतील एका उंची हॉटेलात जाण्याचा योग आम्हांस आला. पेयांची छापील यादी हाती आली तेव्हा तीत कोकम, लिंबू व हिरवी मिरची घालून सजविलेली गोव्याची फेणी आढळली. किंमत वाचून आम्ही यादी मुकाट्याने मिटली. किमतीखाली इंग्रजीत एक ओळ होती. गोव्याचा शतकानुशतकांचा वारसा आता आपल्या पेल्यात, असा तिचा आशय होता. आमच्या शेजारी बसलेले एक वयस्क गोवेकर गृहस्थ ती ओळ वाचून हसले आणि म्हणाले, "माझे आजोबा रेंदेर होते. माझे लग्न ठरेपर्यंत आईने ही गोष्ट कुणाला सांगू दिली नव्हती."

त्या छापील ओळीइतकेच त्या गृहस्थांचे हे वाक्यही खरे होते. या दोन वाक्यांमधले अंतर ही आमची या लेखातील तक्रार आहे. माडावर चढून सूर काढणाऱ्या माणसाला आपण ख्रिस्ती समाजाने पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केले. आज त्याच्या हातचे पेय वारसा म्हणून दिवाणखान्यात आले आहे, पण तो स्वतः अजून बाहेरच आहे. किंबहुना, आता तो बाहेरही फारसा दिसत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. गोव्यात फेणी दोन प्रकारची. काजूची फेणी आज सर्वांना माहीत आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. मार्च ते मे या दिवसांत पिकून आपोआप गळालेली बोंडे वेचतात, बिया वेगळ्या करतात आणि दगडात कोरलेल्या कुंडीत बोंडे पायांनी तुडवून रस काढतात. तो आंबला की भाटीवर चढतो. पहिल्या धारेचा, सौम्य असा तो हुर्राक. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर हाती येते ती फेणी. दुसरी फेणी माडाची, आणि वयाने तीच थोरली. काजू येण्यापूर्वीही या किनाऱ्यावर माड होता, सूर होता आणि सूर काढणारा होता. परंतु 2009 साली फेणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले ते काजूच्या फेणीला. थोरलीच्या वाट्याला त्या नोंदणीतले काही आले नाही.

थोरली मागे पडली याचे कारण चवीत शोधू नये, ते श्रमात आहे. काजूचे बोंड जमिनीवर पडते. सूर जमिनीवर पडत नाही. रेंदेराला माडाच्या शेंड्यापर्यंत जावे लागते. न उमललेली पोय दोरीने आवळून बांधायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, काती घेऊन तिचे टोक बेताने छाटायचे आणि खाली मातीचे मडके अडकवायचे. सकाळी व संध्याकाळी सूर उतरवायचा, दुपारी पुन्हा वर जाऊन पोय तासायची. म्हणजे एका माडावर दिवसातून तीन चढउतार, आणि असे माड कितीतरी. यात रविवार नाही, सणवार नाही; एक दिवस चुकला तर पोय सुकते. पावसाळ्यात खोड शेवाळते, पायाखालची खाच निसटते. रेंदेर माडावरून पडला, ही बातमी गोव्यातल्या जुन्या घरांत फारशी नवलाची वाटत नसे. एवढे करून माड बहुधा त्याचा नसे. तो भाटकाराचा, आणि भाटकाराला खंड द्यावयाचा. वर अबकारी खाते. 1878 साली पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यात करार झाला, त्याबरोबर ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीची अबकारी व्यवस्था गोव्यात आली आणि रेंदेराच्या डोक्यावर आणखी एक ओझे बसले. 1892 मध्ये करार संपला, पण अबकारी खाते काही गेले नाही.

आणि हा सूर केवळ भाटीसाठी होता असे कोणी समजू नये. पोदेराचा पाव त्यावर फुगत असे. सणासुदीच्या सान्नांना तोच लागे. शिरका त्याचाच, माडाचा गूळ त्याचाच. आमच्याकडे वसई-उत्तनच्या पट्ट्यातही लग्नघरचे फुगे आणि सांदणे ताडीवरच फुगत, हे आमच्या वाचकांतील आजीबाईंना सांगावयास नको. आज बहुतेक घरी यीस्टचे पाकीट फुटते. यात कुणाचा दोष नाही. ताडी मिळत नाही, म्हणून पाकीट येते. पण ताडी का मिळत नाही, हे विचारण्याची तसदी आपण घेतली नाही.

आता शासनाकडे वळू. 2016 हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी गोवा शासनाने फेणीला 'देशी दारू'च्या वर्गातून काढले व वारशाच्या पेयाचा मान दिला. देशी दारू म्हणून तिला राज्याबाहेरची बाजारपेठ मिळणे दुरापास्त झाले होते. ती अडचण दूर करण्याचा हा प्रयत्न होता आणि तो योग्यच होता. परंतु त्याच वर्षी, त्याच विधानसभेने, वृक्षसंरक्षणाच्या कायद्यातून माडाला वगळले. माडाला फांद्या नाहीत, सबब शास्त्राप्रमाणे तो वृक्ष नव्हे, असा युक्तिवाद झाला. माड तोडण्यासाठी मग परवानगीची गरज उरली नाही. सांगे तालुक्यातील एका नियोजित मद्यप्रकल्पाच्या जागेवरील माडांचा वाद तेव्हाच गाजत होता, हा योगायोग आम्ही वाचकांच्या विवेकावर सोपवितो. एका हाताने फेणीला वारसा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने जिच्यातून ती थोरली फेणी येते त्या माडाला गवताच्या पंक्तीला बसवायचे! लोकांनी गदारोळ केला, सरकार बदलले, आणि 2017 मध्ये माड पुन्हा वृक्ष झाला. एवढेच नव्हे, राज्यवृक्षाच्या पदावर चढला. पदावर माड चढला खरा. माडावर कोण चढणार, याचे उत्तर त्या अधिसूचनेत नव्हते.

शासनाला बोल लावणे सोपे असते, कारण शासन आपल्या पंगतीला बसत नाही. म्हणून आता आपल्याविषयी. बाप्तिस्म्याच्या पाण्यात सारे भेद विरतात असे आपण शिकविले; पण गोव्यातील ख्रिस्ती घरांत बामण, चार्डो आणि सुदीर हे शब्द बाप्तिस्म्यानंतरही चार शतके टिकले, हे कोण नाकारील? रेंदेर बहुतांशी सुदीरांतला. त्याचा सूर चालला, त्याच्या घरची सोयरीक चालली नाही. त्याच्या शिरक्यात मुरविलेले सोरपोतेल फेस्ताच्या टेबलावर आले, तो मागच्या दाराशी आला. मग त्याने काय करावे? आपल्या मुलाला त्याने शाळेत घातले, बोटीवर पाठविले, आखातात पाठविले. त्याने केले ते उत्तम केले. मुलगा माडावरून उतरला याचे दुःख करण्याचा अधिकार, ज्यांनी त्या माडाखाली कधी त्याचे नाव विचारले नाही त्यांना मुळीच नाही. परंपरा बुडाली म्हणून उसासे टाकणारे लेख आम्ही वाचतो तेव्हा आमच्या मनात येते, लेखकाचा मुलगा कोणत्या परंपरागत व्यवसायात आहे?

काना गावच्या लग्नाची कथा आपण दरवर्षी ऐकतो. द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला ठाऊक नव्हते. ज्यांनी रांजण भरले त्या सेवकांना ठाऊक होते. प्रवचनांतून आपण मातेच्या मध्यस्थीविषयी ऐकतो, पहिल्या चिन्हाविषयी ऐकतो. पाणी काढणाऱ्या त्या माणसांकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. आजचा पेयांचा जाणकार हा त्या भोजनप्रमुखाचाच वंशज. चव घेतो, वाखाणतो, मागील बाटलीशी तुलना करतो. ती आली कोठून, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

येथे काही वाचक आम्हांस अडवतील. धर्मग्रामाच्या नियतकालिकाने दारूची बाजू घ्यावी काय? दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. शनिवारी पगार आणि सोमवारी उधारी हा क्रम आमच्या गल्लीतही होता. दारूबंदीसाठी झटणाऱ्या भगिनींविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु एक गोष्ट तपासून पाहावी. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून आपण परवाने, देशी, विदेशी असे वर्ग पाडत आलो. त्या वर्गवारीत साहेबाची व्हिस्की कायम सभ्य राहिली आणि गरिबाच्या हातची दारू कायम गुन्हेगार. आमच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवाने मोहाची दारू गाळली तर पोलीस येतात. शेजारच्या मध्य प्रदेशात त्याच मोहाच्या दारूला अलीकडे शासनाने वारशाचे नाव दिले. पेय तेच, पाप राज्याच्या सीमेवर बदलते! संयम हा सद्गुण आहे, आणि तो व्हिस्कीलाही लागू व्हावा. व्यसनाचा विचार एकीकडे करावा, श्रमिकाच्या मोलाचा दुसरीकडे. एकाची सबब सांगून दुसरा टाळू नये.

गेल्या काही वर्षांत गोवा हे हौशी मद्यनिर्मितीचे माहेरघर झाले आहे. 2017 मध्ये 'ग्रेटर दॅन', 2018 मध्ये 'स्ट्रेंजर अँड सन्स' अशा जिन तेथे निघाल्या, नावारूपाला आल्या. तरुणांनी उद्योग काढावा, याचे आम्हांस कौतुकच आहे. पण हेही पाहावे की 'ग्रेटर दॅन' काढणाऱ्या उद्योगात 2022 मध्ये एका बलाढ्य मद्यकंपनीने हिस्सा घेतला. हाताने घडविलेले म्हणून जे विकले जाते त्याचा हात असा हळूहळू बदलतो. जिनचा पाया असलेला धान्याचा मद्यार्क कोणत्याही गावी बनू शकतो. म्हणून जिनला गोवा सोडून जाता येते. फेणीला जाता येत नाही. तिचे बळ यात आहे आणि तिची लाचारीही यातच.

फेणीच्या बाजूने मनापासून उभे राहणारे लोक नाहीत असे नाही. कुंकळ्ळीचे हॅन्सेल वाझ हे भूगर्भशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांनी 'काझुलो' या नावाने काजूच्या व माडाच्याही फेणीला मानाचे स्थान मिळवून देण्याचा ध्यास घेतला आणि पाहुण्यांना बाटलीपाशी न थांबविता भाटीपर्यंत नेले. असे आणखी दहा जण निघावेत. पण दहा सज्जन व्यावसायिकांनी रेंदेराचा प्रश्न सुटत नाही, कारण सौजन्य हे कायद्याची जागा घेऊ शकत नाही.

मग काय व्हावे? माडाच्या फेणीचीही काजूप्रमाणे नोंदणी व्हावी, आणि त्या नोंदणीत सूर काढणाऱ्याचा वाटा लिहिलेला असावा. नुसती गावाची हद्द लिहून भागणार नाही. 2021 मध्ये गोवा शासनाने फेणीसाठी धोरण जाहीर केले. अशा धोरणाची परीक्षा निर्यातीच्या आकड्यांवर घेऊ नये. या वर्षी नवे किती तरुण काती घेऊन माडावर गेले, आणि त्यांतल्या किती जणांच्या घरी अपघाताच्या विम्याचा कागद आहे, हे विचारावे. ठेंगणे माड लावा, चढण्याची यंत्रे आणा, असे सुचविणारे आहेत. नारळ पाडण्यासाठी यंत्र ठीक. पण दिवसातून तीनदा, डझनावारी माडांवर, पोय हळुवार तासण्याचे काम यंत्राच्या भरवशावर कसे होणार याविषयी आम्ही साशंक आहोत. ठेंगण्या माडाची सूचना मात्र विचार करण्याजोगी आहे. आणि सर्वांत आधी, ज्यांच्या मालकीचे माड आहेत त्यांनी खंड सोडावा. रेंदेराच्या खंडावर चूल पेटते असे भाटकार आज किती उरले आहेत? बागा ओस पडल्या आहेत, मालक मुंबईत वा लिस्बनला, आणि झावळ्या वाळून खाली पडत आहेत.

आमच्या वाचकांत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, ज्यांचे सासर वा आजोळ सासष्टीत, बारदेशात आहे आणि जेथे अजून चार माड उभे आहेत. त्यांना आमची विनंती आहे. आपल्या माडावर शेवटचा रेंदेर कोणत्या साली चढला, त्याला खंड किती होता, त्याचे नाव काय होते आणि त्याची मुले आज कोठे आहेत, हे आम्हांस लिहून कळवावे. नाव आठवत नसेल, तर तेही लिहावे.