न ऐकता दिलेला निकाल

न्यू मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा, असा निकाल आमचे सुसंस्कृत रसिक एकही गीत न ऐकता देतात. प्रतिवादीस न ऐकता दिलेला निकाल वकिलाने कसा मानावा? चिरंजिवांच्या आग्रहाने मी ऐकले.

कॅलिफोर्नियातील 'कॉर्न' या वाद्यवृंदाच्या १९९४ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील अखेरच्या गीतात जोनाथन डेव्हिस बालपणी आपल्यावर झालेला अत्याचार गाता गाता ढसढसा रडू लागतो; मुद्रण तसेच चालू राहते. त्या वेळी घरच्यांना ते खरे वाटले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे. अशी फिर्याद सुरेल कशी असावी? 'लिंप बिझकिट'चा पोकळ उद्दामपणा मलाही सोसवत नाही, हे कबूल. परंतु ज्या घरांत मुलांनी असले काही उच्चारणेच निषिद्ध, तेथील वडीलधाऱ्यांनी या कंठाची सूरपरीक्षा घेऊ नये.