‘मानद’ म्हणजे नेमके काय? ला स्पेत्सियाचे १९४४ चे विजेतेपद

१/१४
इटलीतील फुटबॉल विजेत्यांच्या अधिकृत यादीत १९४३ साली तोरिनोचे नाव आहे आणि त्यानंतर थेट १९४६ साली पुन्हा तोरिनोचेच. मधली जागा रिकामी आहे. वस्तुतः जुलै १९४४ मध्ये मिलानच्या मैदानावर एका लहान शहराच्या संघाने याच तोरिनोला हरवून विजेतेपद पटकावले होते. ती जागा रिकामी का राहिली, याचा हा धागा.

२/१४
ला स्पेत्सिया हे लिगुरिया प्रांतातील बंदराचे शहर. नौदलाचा तळ आणि शस्त्रागार हीच त्याची ओळख. येथील फुटबॉल क्लब १९०६ सालचा. त्याच्या मैदानाला आल्बेर्तो पिक्को याचे नाव आहे. क्लबचा हा पहिला कर्णधार पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडला. युद्धाची सावली या क्लबावर आरंभापासूनच होती.

३/१४
८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली आणि देश दुभंगला. दक्षिणेत दोस्त सैन्य, उत्तरेत जर्मन फौजा व त्यांच्या आधारावर उभे असलेले मुसोलिनीचे प्रजासत्ताक. दुसऱ्याच दिवशी ला स्पेत्सियाहून निघालेल्या आरमारातील ‘रोमा’ ही युद्धनौका जर्मन विमानांनी बुडवली. बाँबवर्षावाने शहर आधीच खिळखिळे झाले होते.

४/१४
अशा काळात क्लब चालवणे अशक्य झाले, तेव्हा शहराच्या अग्निशमन दलाने संघ आपल्या छत्राखाली घेतला. खेळाडू दलात भरती झाले. त्यामुळे सक्तीची लष्करभरती आणि जर्मनीतील वेठबिगारी यांपासून त्यांना संरक्षण मिळाले. घरचे सामने घरी खेळता येत नव्हते, म्हणून ते दूर कार्पी येथे खेळवले गेले.

५/१४
येथेच एक लोकप्रिय दंतकथा दूर सारली पाहिजे. ‘आग विझवणाऱ्या हौशी जवानांनी बलाढ्य संघाला लोळवले’ ही कथा ऐकायला गोड असली, तरी ती खेळाडूंवर अन्याय करते. हे मुरलेले फुटबॉलपटू होते आणि स्पेत्सिया युद्धापूर्वी सेरी बी मध्ये खेळत होता. प्रशिक्षक ओत्ताव्हिओ बार्बिएरी हे स्वतः इटलीकडून खेळलेले. बचावफळीच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवण्याची त्यांची रचना त्या काळाच्या पुढची होती. हा विजय डोक्याने मिळवलेला आहे. त्याला चमत्कार म्हणणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे.

६/१४
समोरचा तोरिनोही तेव्हा ‘तोरिनो फियाट’ या नावाने खेळत होता. मोटार कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असले की खेळाडू सुरक्षित राहत. एकाने कारखान्याचा आश्रय घेतला, दुसऱ्याने अग्निशमन दलाचा. वालेंतिनो मात्सोला, एत्सिओ लोइक आणि सिल्व्हिओ पिओला हे त्या तोरिनोचे मोहरे होते.

७/१४
अंतिम फेरी तीन संघांची, मिलानच्या अरेना मैदानावर. ९ जुलै : स्पेत्सिया १, वेनेत्सिया १. १६ जुलै : स्पेत्सिया २, तोरिनो १, दोन्ही गोल आंजेलिनीचे. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत. स्पेत्सियाचे तीन गुण झाले आणि तोरिनोला शेवटचा सामना जिंकूनही दोनच मिळणार होते. २० जुलैला तोरिनोने वेनेत्सियाला ५-२ असे हरवले आणि स्पेत्सियाचे विजेतेपद निश्चित झाले.

८/१४
तरीही हे यश ‘युद्धकालीन स्पर्धा’ या सदरात टाकून नियमित यादीबाहेर ठेवले गेले. २००२ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी, महासंघाने त्याला मान्यता दिली. पण ‘मानद’ म्हणून. जर्सीवर तिरंगी चिन्ह लावण्यास अनुमती मिळाली, मात्र ते ‘स्कुदेत्तो’शी, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाशी, समकक्ष धरले गेले नाही. जिंकले हे मान्य, मोजणार मात्र नाही, असा हा न्याय!

९/१४
पहिला आक्षेप : अर्धा देश स्पर्धेत नव्हता. खरे आहे. मग १८९८ चे पहिले अजिंक्यपद पाहावे. चार संघ, त्यांतील तीन एकट्या तोरिनो शहराचे; एकूण तीन सामने, तेही ८ मे या एकाच दिवशी. विजेता जेनोआ. मध्य व दक्षिण इटलीतील क्लबांना तर १९१२-१३ च्या हंगामापर्यंत प्रवेशच नव्हता. ही सर्व विजेतेपदे अधिकृत यादीत निमूट विराजमान आहेत.

१०/१४
दुसरा आक्षेप : युद्धामुळे स्पर्धा विस्कळीत होती. १९१५ साली इटली युद्धात उतरताच शेवटची फेरी शिल्लक असताना स्पर्धा थांबली, आणि विजेतेपद पुढे जेनोआला बहाल झाले. १९२२ साली क्लबांत फूट पडून दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या. प्रो व्हेर्चेल्ली आणि नोव्हेसे हे दोघेही अधिकृत विजेते ठरले. अपुरी स्पर्धा चालते, दुभंगलेली चालते. मैदानावर पूर्ण झालेली तेवढी चालत नाही.

११/१४
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : स्पर्धा एका कठपुतळी राजवटीच्या छायेत झाली. त्या राजवटीचे समर्थन कोणीही करू नये. परंतु त्याआधीची दोन दशके इटलीवर फॅसिस्टांचीच सत्ता होती. १९२६ ते १९३३ या काळात महासंघाचे अध्यक्षपदच फॅसिस्ट नेते लेआन्द्रो आर्पिनाती यांच्याकडे होते. त्या काळातील विजेतेपदे कोणी पुसली नाहीत. अपवाद १९२७ चा, आणि तेथे कारण लाचखोरीचे होते. १९४४ च्या संघावर तसा आरोप नाही.

१२/१४
चौथा आक्षेप : तोरिनोचे खेळाडू त्याच सुमारास त्रिएस्तेला सामना खेळून थकून आले होते. येथे केवळ हसावे. प्रतिस्पर्ध्याचा थकवा पाहून विजेतेपदे रद्द होऊ लागली, तर कोणत्या देशाची यादी शाबूत राहील?

१३/१४
आता एक अवघड गोष्ट. तोरिनोची ‘सलग पाच अजिंक्यपदे’ १९४३, १९४६, १९४७, १९४८ आणि १९४९ ही आहेत. १९४४ मोजले, तर ही साखळी तुटते. मे १९४९ मध्ये सुपेर्गा टेकडीवरील विमान अपघातात तो संघ संपला, आणि त्याचे दुःख आजही पवित्र मानले जाते. त्या संघाच्या थोरवीला एका पराभवाने उणेपणा येत नाही. पण एकाचे स्मारक अखंड राहावे म्हणून दुसऱ्याचे नाव गाळणे हा इतिहास नव्हे.

१४/१४
स्पर्धेचे स्वरूप वेगळे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तसे असेल तर १८९८, १९१५, १९२२ आणि १९४४ या चारही वर्षांपुढे एकच टीप द्यावी आणि चारही विजेते एकाच यादीत ठेवावेत. नियम एक असावा, मग तो कडक असो वा सैल. २०२० मध्ये स्पेत्सिया प्रथमच सेरी ए मध्ये पोहोचला, तेव्हा खेळाडूंच्या जर्सीवर ते लहानसे तिरंगी चिन्ह होते. ज्या महासंघाने ते लावू दिले, त्याच्याच यादीत १९४४ ची ओळ आजही कोरी आहे.