रस्त्याचे शास्त्र आणि पेढीचा हिशेब

शनिवार पेठेतील व्यापाऱ्याला रस्त्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. शिवाजी रस्त्याने वाहने शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात आणि बाजीराव रस्त्याने परततात. दोन्ही एकेरी असल्यामुळे वाहनावरच्या गिऱ्हाइकाला जाताना एका ओळीतील दुकाने दिसतात, येताना दुसऱ्या. जागेचे भाडे ठरविताना ही गोष्ट आपले वाडवडील मनातल्या मनात धरीत आले. हाच विचार आता विद्यापीठांत रीतसर शिकविला जातो, हे मात्र आपल्या अनेक घरांत अद्याप पोहोचलेले नाही. मुलगी ‘मोबिलिटी डिझाइन’ शिकते म्हणाली, की वडील विचारतात, ‘म्हणजे गाड्यांची शोरूम काढायची का?’

या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट वाहनाची. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली स्थापन झालेल्या ‘आयडीसी’ या अभिकल्प केंद्रात वाहने व गतिशीलता यांच्या अभिकल्पाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर येथील आवारातही तसा आहे. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीच्या डिझाइन संस्थेत हा विषय शिकता येतो. येथे विद्यार्थी रेखाटने करतात, मातीचे नमुने घडवितात, मनुष्याच्या शरीराची मापे घेऊन बसण्याची उंची ठरवितात. दुसरी वाट शहराची. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे नाव त्यात आदराने घेतले जाते. आपल्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर, संगमाजवळ, १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ पासून सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे. तेथेही नगरनियोजन शिकविले जाते.

वाहनाच्या धंद्याशी आपला समाज अपरिचित नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. नवलमल फिरोदियांना सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट पाहवले नाहीत आणि त्यांनी यांत्रिक तीनचाकी रिक्षाचा ध्यास घेतला. पुढे फिरोदिया कुटुंबाच्याच कायनेटिकने १९७२ साली लूना आणली, तेव्हा मोटारसायकल न परवडणाऱ्या घरांतही यंत्राचे वाहन आले. आजच्या वर्गात पहिल्या दिवशी जो प्रश्न विचारतात, म्हणजे हे वाहन कोणासाठी आणि कोणत्या रस्त्यावर, तो या मंडळींनी पदवीवाचून सोडविला होता.

तथापि मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी वाट, आणि त्याचे कारण सरळ व्यापारी आहे. दुकानासमोरचे वाहनतळ काढावे की ठेवावे, पदपथ किती रुंद करावा, हे ठरविणारी माणसे याच अभ्यासक्रमांतून येतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. वाहने बंद झाली म्हणजे गिऱ्हाईक तुटणार, ही भीती अशा वेळी स्वाभाविकच असते. पण भीती आणि मोजमाप यांत अंतर आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली एका पाहणीत दुकानदारांना विचारले, तुमचे किती ग्राहक मोटारीने येतात? त्यांचा अंदाज निघाला शंभरात ४१. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारले, तर ते निघाले २२. ब्रिस्टलचा आकडा पुण्याला लागू करावा, असे मी म्हणत नाही; आपल्याकडे दुचाकींचे राज्य आहे. परंतु रोजचा गल्ला पैशापर्यंत जुळविणाऱ्या व्यापाऱ्याने गिऱ्हाईक कसे येते याचा मात्र केवळ अदमास बांधावा, हे विसंगत नव्हे काय? दारात आठवडाभर वही ठेवून ग्राहकाला ‘कसे आलात?’ एवढे विचारण्यास खर्च काहीच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली. त्यामुळे मोजमापाची गरज वाढलीच आहे. स्थानकातून वर येणारा मनुष्य कोणत्या गल्लीने चालेल, त्याला सावली कोठे मिळेल, हातातील पिशव्या घेऊन तो परत कसा जाईल, हे ज्याने आधी ओळखले त्याची सुगी. महापालिकेच्या बैठकीत आपल्या बाजूने निवेदन घेऊन जाणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत; नकाशा वाचून उत्तर देऊ शकेल असा घरचा तरुण क्वचितच असतो.

पालकांनी हिशेबही नीट मांडावा. मोटारीचे बाह्यरूप रेखाटण्याची स्वप्ने अनेक मुले पाहतात. पण तशा कामाच्या जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र आहे. नगरनियोजनाचे काम कमी झगमगीत, पण त्याची गरज प्रत्येक वाढत्या शहराला आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी निराश होऊ नये. आयआयटी मुंबई घेत असलेली ‘यूसीड’ ही पदवी-प्रवेशाची परीक्षा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी देऊ शकतो, मात्र काही संस्थांच्या अटी निराळ्या असल्याने त्या पाहून घ्याव्यात. नियोजनाच्या पदवीसाठी जेईईचा स्वतंत्र पेपर असतो आणि बारावीला गणित लागते. तेव्हा अकरावीत विषय निवडतानाच मुलांशी बोलावे. यूसीड जानेवारीत होते. तिचे अर्ज साधारणतः ऑक्टोबरात भरावे लागतात, म्हणजे नेमके दिवाळीच्या हंगामात, जेव्हा दुकानात कोणालाही मान वर करण्यास सवड नसते.