शिकवणाऱ्या सिस्टरचे नियमपुस्तक

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारची जेवणे आटोपत असताना माझी भाची हातात निळी फाईल घेऊन आली. बी.एस्सी. नर्सिंग होऊन तिने दोन वर्षे वॉर्डात काढली आहेत. आता तालुक्याच्या गावी एका खाजगी नर्सिंग स्कूलमध्ये तिला ट्यूटर म्हणून नोकरी मिळते आहे. फाईलमध्ये नेमणूकपत्र असेल असे मला वाटले होते. ते नव्हते. होते ते 'कर्मचारी सेवाशर्ती व आचारसंहिता' नावाचे सतरा पानी पुस्तक. शेवटच्या पानावर सही करायची आणि दहावीपासूनच्या मूळ प्रमाणपत्रांसह ते ऑफिसात जमा करायचे.

"मावशी, तू जन्मभर हेच केलंस. वाच आणि सांग, सही करू का?"

मी नर्सिंग स्कूलमध्ये बत्तीस वर्षे शिकवले. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. चष्मा लावून ती सतरा पाने मी दोनदा वाचली, आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळते आहे ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. कारण ज्यांच्या घरातली मुलगी अशा शाळेत शिकते किंवा शिकवते, त्यांनाच नव्हे, तर ज्यांच्या घरातले कुणी कधी ना कधी दवाखान्यात झोपणार आहे त्या सर्वांनाच या सतरा पानांशी देणेघेणे आहे.

आधी एक सांगून टाकते. पुस्तकातले बरेच नियम मला पटले. सव्वाआठला हजर राहावे, नखे कापलेली असावीत, वॉर्डात बांगड्या-अंगठ्या नकोत, रुग्णाची माहिती बाहेर बोलू नये, वर्गात मोबाईल नको, यात जाच काही नाही. आमच्या पेशात शिस्त वरवरची नसते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंच्या नावाने परिचर्येची शाळा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक शिकाऊ मुलीचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात मलमपट्टी, एनिमा यांच्या बरोबरीने वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि टापटीप यांचीही नोंद असे. त्या तक्त्याची सावली आमच्या पिढीवरही होती. सकाळच्या राऊंडला मेट्रनबाई टोपीची इस्त्री पाहत, त्याचा राग येई. पण हात धुतला नाही म्हणून बोलणी खाल्ली, त्याचा उपयोग आयुष्यभर झाला.

तेव्हा तक्रार शिस्तीची नाही. पुस्तकातले इतर काही नियम पाहा. तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाईल. लवकर गेल्याचेही तसेच. उशिरापर्यंत थांबावे लागले तर मात्र त्याची नोंद कुठेच नाही. करार अकरा महिन्यांचा. नोकरी सोडायची तर तीन महिने आधी कळवावे, नाही तर तीन महिन्यांचा पगार भरावा. संस्थेने काढायचे झाले तर एक दिवसही पुरे. 'व्यवस्थापन वेळोवेळी सांगेल ती सर्व कामे' करावी लागतील. त्या सर्व कामांत उन्हाळ्याच्या सुटीत गावोगाव फिरून प्रत्येकी किमान पाच प्रवेश आणणे हेही आहे! आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी कोणत्याही कारणाने रजा मिळणार नाही.

आता या पुस्तकात काय नाही ते पाहा. साडीचा रंग कोणता, काठ किती बोटे, याला अर्धे पान दिले आहे. सुई टोचली तर काय करायचे, याला एक ओळही नाही. ट्यूटर मुलींना हात धरून इंजेक्शन शिकवते. घाबरलेल्या मुलीच्या हातातली सुई बाईंच्या बोटात जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. असे झाले की जागा साबणपाण्याने धुवायची, लगेच कळवायचे आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधाची औषधे द्यायची ठरली तर ती शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर बहात्तर तासांत सुरू करायची. पुढे अठ्ठावीस दिवस घ्यायची. हे आम्हीच वर्गात शिकवतो. पण रात्री दहा वाजता तालुक्याच्या गावी ते औषध कुठे मिळेल, कोणाला फोन करायचा, खर्च कोणाचा, हे जिच्यावर वेळ येईल तिला ठाऊक नसते. कावीळ-बीच्या लसीचे तीन डोस कर्मचाऱ्याला संस्थेने द्यावेत की नाही, याबद्दलही पुस्तक गप्प आहे. एका ट्यूटरकडे किती मुली असतील, तेही लिहिलेले नाही.

माझ्या मते सगळ्याचे मूळ या शेवटच्या प्रश्नात आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा; दरवर्षी चाळीस मुली घेतल्या तर शाळेत एकशेवीस झाल्या, म्हणजे बारा शिक्षक हवेत. बारा जणांचा पगार कुठल्याही छोट्या संस्थेला जड जातो, हे मी समजू शकते. म्हणून मग कागदावर बारा आणि प्रत्यक्षात चार, अशी व्यवस्था होते. उरलेले आठ जण फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९४ साली मी स्वतः अशी उभी राहिले आहे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मित्राची दुसऱ्या जिल्ह्यात शाळा होती. पहाटे जीप आली, आम्हा तिघींना घेऊन गेली. तिथल्या हजेरीपटावर मागच्या सहा महिन्यांच्या सह्या आम्ही तासाभरात केल्या. पेन तीन रंगांची ठेवली होती, म्हणजे शाई सारखी दिसू नये. दुपारी जेवण चांगले होते. मी 'नाही' म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार पुढे अनेकदा केला. बहुधा नोकरी गेली असती, आणि तेव्हा घरात कमावती मी एकटीच होते. पण निघताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, उद्यापासून फिजिऑलॉजी तुम्हीच घेणार ना?" तिला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या शाळेत जे घडले, ते याहून वाईट. अडतीस मुली चार वॉर्डांत विभागलेल्या आणि त्यांच्यावर मी एकटी. सगळ्यांची कामे पाहणे अशक्य, म्हणून मुलींच्या कार्यपुस्तिकांवर मी आठवड्याच्या सह्या सोमवारीच करून टाकत असे. एका सकाळी मेडिकल वॉर्डात शिरले तर कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा उठून बसले होते, मानेच्या शिरा ताठ, नाकपुड्या फुललेल्या. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला छत्तीस श्वास. पायथ्याच्या तक्त्यावर अर्ध्या तासापूर्वीची नोंद होती : श्वास २०. शेजारच्या खाटेवर २०. पुढच्या खाटेवरही २०. श्वास मोजायला पूर्ण मिनिट उभे राहावे लागते. वॉर्डात तेवढी सवड नसली की सगळ्यांचा श्वास वीसच होतो, हे जुन्या सिस्टरना सांगायला नको. आजोबांना ऑक्सिजन मिळाला, डॉक्टर आले, ते वाचले. मी त्या मुलीला बाजूला घेऊन फैलावर घेतले, "न मोजता लिहिलेस कसे?" ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तुमची सही आधीच होती."

इन्स्पेक्शनच्या हजेरीपटापासून त्या तक्त्यापर्यंत अंतर किती? मला तर ते एकाच वहीचे पान वाटते. आम्ही मुलींना खोटे लिहायला कधीच शिकवले नव्हते. त्या आमच्याकडे पाहून शिकल्या.

आता कायद्याकडे वळते. शिक्षिका म्हणून आणि परिचारिका म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी नर्सिंग ट्यूटर फटीत सापडलेली आहे. गोव्यातील एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली निर्णय दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. शिक्षणदान हे काही कारकुनी किंवा अंगमेहनतीचे काम नाही. गौरवाचा निकाल, पण त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार बंद झाले. ग्रॅच्युइटीचेही २००४ साली तसेच झाले. ती चूक संसदेने २००९ मध्ये दुरुस्त केली, ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०२२ साली उचलून धरली. परिचारिका म्हणून पाहावे तर, सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील पगाराबद्दल शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान वीस हजार. या शिफारशी खाटा मोजून केलेल्या आहेत. शाळेला खाटा कुठून असणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातली एक गोष्ट माझ्या भाचीच्या कामाची आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे ही आता मालकाची जबाबदारी ठरली आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्याला वर्षभराच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळण्याची सोयही त्यात आहे. छान! आणि आमच्याकडचा करार असतो अकरा महिन्यांचा. बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली आणि नव्या संहितेतही ती तेवढीच आहे. पण भाचीच्या पुस्तकात रजांच्या यादीत ती शोधूनही सापडत नाही. जिथे प्रसूतीशास्त्र शिकवले जाते तिथे ही स्थिती!

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदाही असाच. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. रात्रपाळीला मुलींना घेऊन जाणाऱ्या ट्यूटरला हे तोंडपाठ हवे. केईएममधल्या अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयाच्या आवारातच हल्ला झाला होता, हे आमच्या पिढीतली कुठलीही सिस्टर विसरलेली नाही. पुस्तकात या समितीच्या नावाने एक परिच्छेद आहे खरा, पण सदस्यांच्या नावांच्या जागी टिंबे आहेत.

संस्थाचालकांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. ट्यूटर सहा महिन्यांत परदेशाची परीक्षा देऊन निघून जातात आणि भर सत्रात वर्ग ओस पडतात. म्हणून मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायची, असा सोपा मार्ग निघाला. पण नर्सचे प्रमाणपत्र म्हणजे शेतकऱ्याचा सातबारा. तो गहाण पडला की माणूस कामावर राहतो, मनाने राहत नाही. २०११ साली मुंबईतल्या खाजगी रुग्णालयांत परिचारिका बाँड आणि अडकवलेल्या प्रमाणपत्रांविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना अशाच अडकलेल्या ट्यूटरनी शिकवले असेल. माणसे टिकवायची तर पगार वेळेवर द्यावा, दहाचे प्रमाण पाळावे. हे महाग पडते, म्हणून फी वाढेल असे संस्थाचालक म्हणतात. वाढू द्यावी का, हा प्रश्न पालकांनाही विचारायला हवा. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आपण इमारत पाहतो, वसतिगृहाचे जेवण विचारतो, शंभर टक्के नोकरीची पाटी वाचतो. शिकवणाऱ्या बाई किती, त्या इथे किती वर्षे आहेत आणि वॉर्डात मुलींबरोबर कोण जाते, हे विचारणारा पालक माझ्या नोकरीत मला दोनदाच भेटला. त्यातला एक एस.टी. कंडक्टर होता.

भाचीला मी सही करू नकोस असे म्हटले नाही. तिला नोकरी हवी आहे आणि तिचे घर तिलाच चालवायचे आहे. आम्ही दोघींनी बसून एक पत्र लिहिले : मूळ प्रमाणपत्रे तपासणीसाठी दाखवीन, जमा करणार नाही, साक्षांकित प्रती देईन, नेमणूकपत्र मिळावे, माझ्याकडे किती विद्यार्थिनी असतील ते कळावे, आणि मी न पाहिलेल्या कामावर सही करणार नाही. चौथे वाक्य घालू नकोस, उगाच डोळ्यावर येशील, असे मीच म्हणत होते. तिने ते घातले.

पत्र जाऊन बारा दिवस झाले. संस्थेचा फोन आलेला नाही. विद्यार्थिनी असताना कावीळ-बीच्या लसीचे दोन डोस घेऊन तिसरा राहून गेला होता, तो तिने मंगळवारी जाऊन घेतला.